अर्ज कागदावर द्या, ताई

पत्र

बाई, नमस्कार. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. शेती आणि दोन म्हशी. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा, गावच्या सरकारी मराठी शाळेत चौथीला आहे. डेअरीला दूध घालायला तोच जातो. फॅट किती लागलं, दर काय, दहा दिवसांचे किती झाले, सगळं तोंडी सांगतो, एक रुपया चुकत नाही. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह खोलून परत बसवतो. पण वाचायला बसवलं की रडकुंडीला येतो. सर म्हणतात, घरी अभ्यास घेत नाही. कन्नडच्या बाई म्हणतात, घरात मराठी बोलता म्हणून असं होतंय. मराठीचं पुस्तक पण तसंच, दुसरीचं सुद्धा धड येत नाही. दीर बेळगावात असतात, ते म्हणतात इंग्लिश मीडियमला घाला. मालक म्हणतात, आमच्या घराण्याचं अक्षराशी जमत नाही, मी पण सातवीतून सुटलो, मोठा झाला की येईल. पुण्याच्या मामेबहिणीने सांगितलं की शाळेला सांगून मुलाची तपासणी करून घेता येते. मी हेडसरांना विचारलं तर म्हणाले, “असली सोय आपल्याकडं कुठली? बघूया की.” याला दोन महिने झाले. सासूबाई म्हणतात, डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं की पोराला शिक्का बसेल. मी कुणाला विचारू, कसं विचारू? आणि तपासणी कन्नडात झाली तर त्याला काय येणार?
— एक आई

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: “मराठीचं पुस्तक पण तसंच.” मी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली आहे. आता तेच वाक्य अर्जात सगळ्यात वर आलं पाहिजे. का, ते सांगते.

आपल्या सीमाभागात मूल वाचत नसलं की प्रत्येकाच्या हाताशी एक कारण तयार असतं, ते म्हणजे भाषा. कन्नडच्या बाई म्हणणार, घरी मराठी आहे. मराठीचे सर म्हणणार, कन्नड आणि इंग्रजीचा बोजा पडतोय. घरचे म्हणणार, शाळाच बदला. यातलं काहीच अगदी खोटं नाही. चौथीतल्या पोराला देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या सांभाळायच्या असतात, हे काय थोडं आहे? शिवाय मराठी घरातलं मूल कन्नड पुस्तक उघडतं, ‘मर’ असं वाचतं, आणि बाई सांगतात मर म्हणजे झाड. वर्ग हसतो. माझ्या वर्गात दर वर्षी हसायचा. अशा ठिकाणी चार दिवस गोंधळ उडणारच.

पण तो गोंधळ भाषेचा असेल तर कन्नडात होईल. ज्या भाषेत मूल भांडतं, स्वप्नं बघतं, डेअरीवाल्याशी हुज्जत घालतं, त्या भाषेत चार वर्षं शिकूनसुद्धा ‘शेतकरी’ हा शब्द दिसला की ‘शतकरी’, मग ‘शकरी’, मग गप्प, असं होत असेल तर कन्नडला बोल लावून चालणार नाही. कुठेतरी अक्षर आणि आवाज यांची गाठ बसत नाहीये. बुद्धी चांगली, कान-डोळे चांगले, शिकवणंही झालेलं, आणि तरी वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी कुठेतरी अडतं, याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातल्या अडचणीला लोक डिस्लेक्सिया म्हणतात. तुमच्या मुलाला तेच आहे असं मी म्हणत नाही. मी मास्तरीण, डॉक्टर नव्हे. पण तपासून घ्यायला पुरेसं कारण आहे, एवढं पत्रावरून नक्की सांगते.

माझंच एक सांगते. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. धडा वाच म्हटलं की उभा राहून घडाघडा म्हणायचा. मी खूश. एकदा त्याच्या मागे जाऊन उभी राहिले तर तोंडात धड्याचा तिसरा परिच्छेद आणि बोट पहिल्या ओळीवर. पान उलटायचं तेव्हा शेजारच्याकडे बघून उलटत होता. घरी बहिणीकडून ऐकून ऐकून त्याने सगळं पुस्तक पाठ केलं होतं. एवढी स्मरणशक्ती असलेल्या पोराच्या प्रगतिपत्रकात मी तीन वर्षं काय लिहिलं? “लक्ष देत नाही.” सहावीत त्याने शाळा सोडली. तेव्हा आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं हे खरं, पण मागे जाऊन उभं राहायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. म्हणून तुमच्या सरांवर मी लगेच रागावणार नाही. तुम्हीही रागावून अर्ज लिहू नका.

आता कामाचं.

आधी कान आणि डोळे. हे कुणाच्याही परवानगीशिवाय या आठवड्यात करा. सारखी सर्दी, कान वाहणं, एका कानाने कमी ऐकू येणं, जवळचं धूसर दिसणं, यांपैकी काहीही असलं तर पुढची सगळी तपासणी चुकीच्या वाटेला जाते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात सुरुवात करा. ऐकण्याची नीट मशीनवरची चाचणी तिथे झाली नाही तर बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात. चिठ्ठ्या जपून ठेवा, त्या अर्जाला जोडायच्या आहेत.

मग अर्ज. हेडसरांना तुम्ही तोंडी विचारलंत, त्यांनी तोंडी उत्तर दिलं. ते दोन महिने कुणाच्याच हिशेबात धरलेले नाहीत. कागद दिला की त्या दिवसापासून मोजणी सुरू होते. दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शाळेचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची. शिक्का द्यायला कुणी कां-कूं केलं तर वाद न घालता पोस्टात जाऊन पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा. अर्ज लांबलचक नको. असा चालेल:

“मा. मुख्याध्यापक यांस. विषय: मुलाच्या शैक्षणिक गरजांची तपासणी होण्याबाबत. माझा मुलगा आपल्या शाळेत चौथीत शिकतो. वय साडेनऊ वर्षे. घरची भाषा मराठी. तो नियमित शाळेत येतो. तरीही मराठी मातृभाषा असून त्याला दुसरीच्या पुस्तकातले सोपे उतारे वाचता येत नाहीत. मात्रा-वेलांट्या गळतात, जोडाक्षरावर थांबतो, फळ्यावरचं उतरवायला फार वेळ लागतो. तोंडी हिशेब मात्र अचूक करतो. कान व डोळे तपासल्याच्या चिठ्ठ्या जोडल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 प्रमाणे मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून उपाय करणे ही शाळेची जबाबदारी आहे. तरी माझ्या मुलाची प्राथमिक चाचणी करून पुढील तपासणीसाठी लेखी शिफारस करावी, आणि काय कारवाई केली ते मला लेखी कळवावे, ही विनंती.”

कलम 16 मी उगाच नाही घातलं. 1995 च्या जुन्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात अध्ययन अक्षमता नव्हतीच. 2016 च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले आणि त्यात ती आली. त्यामुळे जुन्या मास्तरांना “असली सोय आपल्याकडं कुठली” असं मनापासून वाटतं. ते खोटं बोलत नसतात, त्यांची माहिती मागची असते. कलमाचा नंबर वाचला की ते कुणाला तरी फोन करतात, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं.

“वाचता येत नाही” यापेक्षा आकडा जास्त बोलतो. म्हणून अर्ज देण्याआधी तीन-चार दिवस एक वही घाला. दुसरीच्या पुस्तकातल्या सहा ओळी, घड्याळ लावून, किती मिनिटं लागली, कुठे अडला, काय म्हणाला, जसंच्या तसं. ‘घर’चं ‘धर’ वाचलं, ‘भात’ला ‘मात’ म्हणाला, ‘पुस्तक’ लिहिताना ‘पुतक’ लिहिलं, हेच लिहा. शहाणपणाची वाक्यं नकोत. दुरुस्तीही नको, आणि ओरडायचं तर अजिबात नाही. त्याला सांगा, तू चुकतोस म्हणून नाही, कुठलं अक्षर त्रास देतंय ते आपण शोधतोय. फुटव्हॉल्व्ह खोलणाऱ्या पोराला ही भाषा कळते. कचरा कुठे अडकलाय ते बघायचं, एवढंच. मागच्या वर्षाच्या त्याच्या मराठी आणि कन्नड वह्या रद्दीत घालू नका, त्या दोन्ही लागतील.

आता एक गोष्ट सांगते, ती ऐकून काही वाचकांना राग येईल. शाळेतला अर्ज मराठीत द्या, शाळा मराठी आहे. पण तो जर बीईओ, म्हणजे क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसला जायचा असेल तर सोबत कन्नड प्रत जोडा. गावात कुणीतरी लिहून देईल, कन्नडच्या बाईच देतील, विचारून तर बघा. मराठी अर्ज घ्यायलाच हवा, भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क आहेत, हे सगळं मला मान्य आहे. त्या हक्कासाठी मी स्वतः मोर्च्यात चालले आहे. पण तो लढा मोठ्या माणसांचा आहे, त्याचं ओझं चौथीतल्या पोराच्या फायलीवर घालू नये. मराठी कागद ‘भाषांतरासाठी’ म्हणून टेबलावर पडून राहिला तर पोराचं वर्ष जातं, लढ्याचं काही अडत नाही.

हेडसरांनी महिनाभरात काहीच केलं नाही तर स्मरणपत्र द्या आणि त्याची प्रत बीईओंना. तालुक्याच्या संसाधन केंद्रात, लोक ज्याला बीआरसी म्हणतात तिथे, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीचे शिक्षक नेमलेले असतात. कर्नाटकात त्यांना ‘बायर्ट’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. “बायर्ट सर कधी येतात?” एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळतं की ही बाई माहिती घेऊन आली आहे. खानापूर हा बेळगाव शैक्षणिक जिल्ह्यात येतो. चिकोडी-निपाणीकडच्या वाचकांनी लक्षात ठेवावं, तुमचा शैक्षणिक जिल्हा चिकोडी, तुमचे उपसंचालकही वेगळे. बेळगावला हेलपाटा घालू नका.

शाळेकडून जाणारी वाट अडली तर आरोग्य खात्याची वाट आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्यातल्या डॉक्टरांची गाडी सरकारी शाळांत येते, वजन-उंची-दात बघून जाते. ती गाडी फक्त दातांसाठी नसते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीतल्या आणि शिकण्यातल्या अडचणी बघणंही तिच्या कामात येतं, आणि तिथून मूल जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येतं. गाडी येईल त्या दिवशी तुम्ही शाळेत हजर राहा आणि डॉक्टरांना वही दाखवा. याशिवाय ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी काम करणारा गावपातळीवरचा पुनर्वसन कार्यकर्ता असतो. तो पेन्शनीचे कागद करतो म्हणून लोकांना माहीत असतो, पण डॉक्टर कुठल्या दिवशी कुठल्या दवाखान्यात बसतात, ऑनलाइन अर्ज कसा भरायचा, हे त्याला पाठ असतं.

आणि हे सगळं करूनही कागद हललाच नाही तर माहितीचा अधिकार. तिथे तक्रार लिहायची नाही, फक्त विचारायचं: “अमुक तारखेच्या माझ्या अर्जावर काय कारवाई झाली, त्याची प्रत द्या.” कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, तुम्हाला वीस शब्द पुरतील. उत्तराची मुदत 30 दिवस. माझा अनुभव असा की इथपर्यंत यायची वेळ फार थोड्यांवर येते. पण हे शस्त्र खिशात असलं की माणूस टेबलासमोर सरळ उभा राहतो.

आता तुमचा खरा प्रश्न. तपासणी कुठल्या भाषेत?

हा प्रश्न तुम्हाला सुचला याचं मला फार कौतुक वाटलं. बेंगळुरात बसून फॉर्म तयार करणाऱ्याला तो सुचतोच असं नाही. मुलाचं वाचन तपासायचं तर ते त्याच्या पहिल्या भाषेत, म्हणजे मराठीत तपासलं पाहिजे. कन्नडात तपासून “येत नाही” म्हणणं म्हणजे मालवणातल्या पोराला उसाच्या फडात उभं करून “याला शेतीतलं काही कळत नाही” म्हणण्यासारखं. आणि मराठीत तपासायला साधन नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचण्यांचा संच तयार केला आहे, तो हिंदी, इंग्रजी, मराठी आणि कन्नड या भाषांत आहे. आपल्या पोराला लागणाऱ्या तिन्ही भाषा त्यात आल्या, बघा. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी एक, अशा शिक्षकांनी घ्यायच्या प्राथमिक चाचण्याही त्यात आहेत. मोठी तपासणी मानसशास्त्रज्ञ करतात.

हे काही आजचं नाही. बुद्धी मोजायची जी बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यात वापरतात, ती कामतांनी 1930 च्या दशकात तयार केली तेव्हा कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठीच केली होती. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला कळलं होतं की या भागातल्या पोरांना दोन्ही भाषांतून विचारायला हवं. तेव्हा तपासायच्या खोलीत शिरताना संकोच न करता सांगा: “पोराची भाषा मराठी आहे, वाचायला मराठी द्या. सूचनाही मराठीत द्या.” तपासणाऱ्यांना मराठी येत नसेल तर मराठी येणाऱ्या दुसऱ्या कुणाची वेळ मागा. चार आठवडे थांबावं लागलं तरी चालेल, पण कन्नडात उरकू देऊ नका. आणि अहवालात तपासणी कोणत्या भाषेत झाली हे लिहून घ्या. ही ओळ पुढे कामाला येते.

बेळगावात जिल्हा रुग्णालय आणि त्याला जोडलेलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे बिम्स, हे पहिलं ठिकाण. धारवाडला डिमहान्स ही सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे, खानापुरातून लोंढ्यामार्गे रेल्वेने जाता येतं. आता मला माहीत आहे, ‘धारवाड’ म्हटल्यावर तुमच्या सासूबाईंच्या पोटात गोळा येईल. आपल्याकडे कुणी जरा वेडंवाकडं वागलं की “याला धारवाडला पाठवा” म्हणतात, ते कानात बसलेलं असतं. त्यांना हसू नका. त्यांची भीती पोराच्या मायेतून आलेली आहे. पण त्यांना आत काय चालतं ते सांगा, कारण भीती न बघितलेल्या खोलीची असते.

आत टेबल असतं, दोन खुर्च्या, आणि शांत बोलणारी एखादी बाई किंवा पुरुष. सुई नसते, वायरी नसतात. आधी तुमच्याशी बोलतात: बाळंतपण कसं झालं, बोलायला कधी लागला, घरात आणखी कुणाला असं होतं का. मग मुलाला चित्रं जुळवायला देतात, ठोकळे मांडायला देतात, आकडे उलटे म्हणायला सांगतात. त्यात तुमचा मुलगा हसत बसेल, मला खात्री आहे. मग शब्दांची यादी, एक उतारा, श्रुतलेखन, थोडं गणित. दोन-तीन खेपाही होतात, पोर दमलं तर थांबवतात. बुद्ध्यांक काढतात तो पोराला ‘मंद’ ठरवायला नाही. उलट, बुद्धी चांगली असूनही वाचन मागे आहे, हे सिद्ध व्हायला तो लागतो. सासूबाईंना एवढंच सांगा, की नातू हुशार आहे हे सरकारी कागदावर येणार आहे.

शिक्क्याबद्दल. तपासणी वेगळी, प्रमाणपत्र वेगळं. तपासणी केली म्हणजे प्रमाणपत्र घेतलंच पाहिजे असं काही नाही. शाळेत शिकवण्याची पद्धत बदलायला, पोराला फळ्याजवळ बसवायला, प्रश्न वाचून दाखवायला, उत्तर तोंडी घ्यायला अहवाल पुरतो. खरं तर अहवालही लागत नाही, मन लागतं. प्रमाणपत्र लागतं ते पुढे, परीक्षेतल्या सवलतींसाठी. केंद्राच्या 2018 च्या नियमावलीप्रमाणे आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय ते देत नव्हते, आणि पुढे 14 व्या आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासायचे; 2024 मध्ये नवी नियमावली आली, तेव्हा आताचं काय ते तिथेच विचारून घ्या. तुमचा मुलगा साडेनऊचा, म्हणजे वयाची अडचण नाही.

पुढच्या त्या परीक्षेचं गणित एकदा मांडून बघा. मी निवृत्त झाले तेव्हा एसएसएलसी, म्हणजे इकडची दहावी, 625 गुणांची होती, त्यात पहिली भाषा 125, दुसरी 100, तिसरी 100. म्हणजे 325 गुण, निम्म्याहून जास्त, नुसते भाषांचे. ज्याला एका लिपीत धाप लागते त्याला तीन लिप्यांत पळायला लावायचं. याच साठी 2016 च्या कायद्याच्या कलम 17 मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. ज्यांना जादा वेळ मिळतो त्यांना तो केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासाला किमान 20 मिनिटं असतो, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास. बोर्डाकडे हा अर्ज शाळेमार्फत जातो आणि त्या वर्षीचं परिपत्रक बघूनच करायचा असतो. म्हणून मी सांगते, आठवी-नववीत धावपळ करण्यापेक्षा आत्ता फाईल उघडा. दहावीच्या जानेवारीत प्रमाणपत्रासाठी रांगेत उभे असलेले बाप मी बघितलेत.

दिरांचं ऐकू नका, निदान आत्ता तरी. पोराला मराठीत, म्हणजे तोंडात असलेल्या भाषेत वाचता येत नाही, आणि उपाय म्हणून अशी भाषा द्यायची जी त्याच्या तोंडातही नाही आणि जिच्यात ‘सी’ कधी क तर कधी स होतो? मराठीत निदान जसं लिहितो तसं बरंचसं वाचतो. आधी तपासणी होऊ द्या, मग माध्यमाचं बघा. इंग्लिश मीडियमचा एरवीचा वाद मी इथे काढत नाही, तो वेगळ्या दिवशी.

आणि शिकवणीला घालणार असाल तर आधी विचारा, तिथे छडी आहे का. शाळेत मारणं आणि मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंद केलंय. खाजगी शिकवणीत अजून “मार खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही” चालतं. छडीने मात्रा-वेलांटी डोळ्याला दिसायला लागत नाही. पोर फक्त खोटं वाचायला शिकतं, माझ्या त्या विद्यार्थ्यासारखं.

तोवर घरी काय? रोज पंधरा मिनिटं, जास्त नको. तुम्ही वाचा, तो ऐकू दे, तुमचं बोट ओळीखालून सरकू दे. मग एक वाक्य दोघांनी मिळून. डेअरीच्या चिठ्ठीवर त्याचं डोकं चालतंच, तर त्याच चिठ्ठीवरचे शब्द घ्या: दूध, फॅट, लिटर, दर, एकूण. एका दिवशी एकच शब्द, आधी तोंडाने तोडायचा, दू-ध, मग परातीत तांदूळ पसरून बोटाने लिहायचा. हे वर्गाच्या सरांनाही करता येईल असं नाही, पण एक गोष्ट त्यांना हात जोडून सांगा: सगळ्या वर्गासमोर त्याला उभं करून वाचायला लावू नका. एवढं एक बंद झालं तरी शाळेत जाताना पोटात दुखणं कमी होतं. दुखतं ना? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण बहुतेक दुखत असेल.

अर्ज दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत पोचला पाहिजे. सुट्टी लागली की महिना गेलाच समजा.

आणि तपासणीच्या दिवशी मालकांना बरोबर न्या. भात कापणी असली तरी. “घराण्याचं अक्षराशी जमत नाही” हे त्यांनी चेष्टेत म्हटलं असेल, पण ही अडचण घराण्यात चालत येते आणि डॉक्टर पहिल्या दहा मिनिटांत तेच विचारतात. सातवीत शाळा सोडली तेव्हा नेमकं काय होत होतं, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नसेल. तुम्ही तिथे विचारू नका, डॉक्टरांना विचारू दे. बाप बोलत असेल तेव्हा पोर शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असू दे.

— तुमची बाई